हिशेब छोटा, खिडकी मोठी : कमी मेमरीच्या कॉम्प्युटरवर गटांचा डेटाबेस कसा सांभाळावा



महिनाअखेरीला कोणत्याही संघाच्या कार्यालयात जा, एक वाक्य हमखास ऐकू येतं : "ताई, कॉम्प्युटर हँग झालाय." मग कोणी बंद करून चालू करतं, कोणी दुकानदाराला फोन लावतं. तोपर्यंत एखाद्या गटाच्या बँक कर्जाची फाइल अडून बसते. गटाची बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांची छापील यादी मिळाल्याशिवाय बँक पुढं सरकत नाही. पेरणीच्या तोंडावर असे आठ दिवस गेले तर ते पुन्हा मिळत नाहीत, आणि त्या गटातल्या एखादीला मग सावकाराचं दार गाठावं लागतं.

अशा वेळी कार्यकारिणीपुढं एकच प्रस्ताव येतो : नवीन कॉम्प्युटर घेऊ. पैसे अर्थात आपल्याच निधीतून. म्हणून हा पाठ फक्त डेटा भरणाऱ्या तायांसाठी नाही. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि बैठकीत हात वर करणारी प्रत्येक सदस्य, सगळ्यांनी वाचावा. मी समाजकार्य शिकलेली आहे, इंजिनियर नाही. जे सांगतेय ते रोजच्या कामाच्या भाषेतच सांगतेय.

या पाठात काय शिकायचं?

डेटाबेस म्हणजे काय, मेमरी म्हणजे काय, कोणतं साधन जड आणि कोणतं हलकं, काम करताना कोणत्या सवयी लावायच्या, आणि खर्चाला हो म्हणण्याआधी काय विचारायचं.

१. वहीतून कॉम्प्युटरकडे

बचत गटांना बँकेशी जोडण्याचा पथदर्शी कार्यक्रम नाबार्डनं १९९२ साली सुरू केला, तोही ५०० गटांपासून. तेव्हा सगळा कारभार वह्यांवर होता. बँकेचा अधिकारी वह्या चाळायचा आणि गट चांगला की कच्चा ते ठरवायचा. वही नीट नसली तर चांगला गटही मागं राहायचा.

पुढं १५ मार्च २०१५ ला नाबार्डनं 'ई-शक्ती' प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला देशातले दोनच जिल्हे घेतले होते : झारखंडमधला रामगढ आणि आपल्या महाराष्ट्रातला धुळे. गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्तीनं गटाची माहिती भरायची, ती एका मध्यवर्ती ठिकाणी साठायची, आणि बँकेला गटाची प्रतवारी तिथंच दिसायची, अशी ती कल्पना. धुळ्यानंतर हे काम आणखी बऱ्याच जिल्ह्यांत गेलं. आज 'उमेद', 'माविम' यांच्या कामातही नोंदी ऑनलाइन होतात.

ऑनलाइनची मोठी यंत्रणा सरकारची किंवा बँकेची असते. तिचं ओझं आपल्या कॉम्प्युटरवर फारसं पडत नाही. पण बरेच संघ स्वतःच्या कामासाठी स्वतःचाही डेटाबेस ठेवतात : कोणत्या गटाचा हप्ता थकला, कोणत्या सदस्याचा विमा कधी संपतो, मसाला युनिटला किती माल गेला. हा डेटाबेस आपल्या कार्यालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतो, आणि अडचण नेमकी तिथंच येते.

२. डेटाबेस म्हणजे काय?

आपल्याकडे सदस्यांची वही वेगळी, बचतीची वेगळी, कर्जाची वेगळी. तिन्ही वह्यांत सदस्य क्रमांक एकच. त्या क्रमांकावरून आपण एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो. डेटाबेसमध्येही तसंच असतं. वहीला तिथं 'टेबल' म्हणतात. सदस्याचं नाव एकदाच लिहायचं, बाकी सगळीकडे तिचा क्रमांक. नाव दुरुस्त करायचं झालं तर एकाच जागी करायचं.

आता दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. बँकेत आत बसून खातेवह्या सांभाळणारा माणूस असतो, आणि बाहेर काउंटरची खिडकी असते. आपण खिडकीतून मागतो, आतला माणूस काढून देतो. डेटाबेसमध्ये आतल्या माणसाचं काम करतो 'सर्व्हर', म्हणजे मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस वगैरे. खिडकीचं काम करतं व्यवस्थापनाचं साधन. त्यातून टेबल बघता येतं, दुरुस्ती होते, यादी निघते, बॅकअप घेता येतो.

कॉम्प्युटर हँग झाला की आपण म्हणतो, "डेटा फार झाला." बहुतेक वेळा डेटा फार झालेला नसतोच, खिडकी जड असते. कसं, ते पुढं हिशेब करूनच बघू.

३. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा

घरात धान्य कोठीत असतं आणि स्वयंपाक ओट्यावर होतो. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क म्हणजे कोठी. फाइली, फोटो, डेटाबेस सगळं तिथं पडून असतं, वीज गेली तरी राहतं. मेमरी, म्हणजे रॅम, हा ओटा. जे काम आत्ता चाललंय तेवढंच त्याच्यावर मांडलेलं असतं. वीज गेली की ओटा साफ.

ओटा लहान असेल आणि त्यावर परात, पोळपाट, मिक्सर, चार डबे एकदम मांडले तर काय होतं? एक वस्तू ठेवायला दुसरी उचलून कोठीत न्यावी लागते, आणि थोड्या वेळानं तीच परत आणावी लागते. सगळा वेळ फेऱ्यांत जातो. कॉम्प्युटरही हेच करतो. मेमरी भरली की तो सामान हार्ड डिस्कवर हलवतो आणि पुन्हा आणतो. हार्ड डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी पट हळू. पडदा गोठतो, बाण फिरत राहतो, आणि आपण म्हणतो मशीन बिघडलं. मशीन बिघडलेलं नसतं, फेऱ्या मारत असतं.

हे आपल्या डोळ्यांनी बघता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटनं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' भागात 'मेमरी' बघा. एकूण किती आणि वापरात किती, दोन्ही आकडे दिसतात. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली दिसली, तर ओटा भरलाय हे नक्की. 'प्रोसेसेस' भागात कोणता कार्यक्रम किती जागा अडवून बसलाय, तेही कळतं.

४. आपला हिशेब किती मोठा आहे?

कागद-पेन्सिल घ्या. धरून चालू की संघात १०० गट आहेत आणि प्रत्येक गटात १२ जणी. झाल्या १,२०० सदस्य. प्रत्येकीची महिन्याला एक बचत नोंद, म्हणजे वर्षाला १४,४००. त्यात कर्जाचे हप्ते, व्याज, दंड मिळवा. हात सैल सोडून ३०,००० नोंदी धरू. एका नोंदीला २०० बाइट जागा धरली तर वर्षाचे ६० लाख बाइट, म्हणजे सुमारे ६ एमबी. दहा वर्षांचे ६० एमबी. शोधायच्या सोयीसाठी लागणारी जादा जागा धरून दुप्पट केले तरी १२० एमबी. हळदीकुंकवाचा मोबाईलवर काढलेला पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ याच्याहून मोठा भरतो.

२ जीबी मेमरी म्हणजे सुमारे २,००० एमबी. म्हणजे दहा वर्षांचा हिशेब जसाच्या तसा ओट्यावर मांडला तरी जागा उरावी. मग जागा जाते कुठं? विंडोजला, ब्राउझरला, व्हॉट्सॲप वेबला, आणि त्या जड खिडकीला.

कमी मेमरी म्हणजे कमीपणा नव्हे. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा भारतात बनलेला सुरुवातीचा मोठा कॉम्प्युटर १९६० साली सुरू झाला. त्याच्या मेमरीत २,०४८ शब्द मावायचे आणि एक शब्द ४० बिटांचा. आजच्या मापात ते १० केबी होतात. आपल्या २ जीबीच्या जुन्या डब्यात त्याच्या दोन लाख पट मेमरी आहे. त्या १० केबीत शास्त्रज्ञ गणितं सोडवायचे, कारण एका वेळी किती मागायचं ते त्यांना पक्कं माहीत होतं.

५. कोणती खिडकी जड, कोणती हलकी?

नावं इंग्रजी आहेत, पण ओळख असलेली बरी. दुकानदार किंवा शिकवणारा मुलगा जे टाकून देतो तेच आपण वर्षानुवर्षं वापरतो.

*मायएसक्यूएल वर्कबेंच* : चित्रं, आराखडे, सगळं आहे, पण जड. बनवणाऱ्यांनीच किमान ४ जीबी सांगितलीय आणि ८ जीबी असावी असं सुचवलंय. २ जीबीच्या मशीनवर ते टाकणं म्हणजे लहान ओट्यावर लग्नाची कढई.

*पीजीॲडमिन ४* : पोस्टग्रेससाठी. आतून ते ब्राउझरसारखंच चालतं, म्हणून ब्राउझरएवढी जागा मागतं.

*डीबीव्हर* : अनेक प्रकारच्या डेटाबेसना चालतं. चांगलं आहे, पण जावावर चालत असल्यानं त्यालाही मोकळा ओटा लागतो.

*पीएचपीमायॲडमिन* : आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं. बहुतेकदा झॅम्प नावाच्या संचाबरोबर येतं. ब्राउझरमध्ये उघडतं म्हणून हलकं वाटतं, पण मागं वेब सर्व्हर, पीएचपी, डेटाबेस आणि पुढं ब्राउझर, असं सगळं एकदम चालू असतं.

*ॲडमिनर* : काम साधारण तेच, पण सगळं साधन एका लहानशा फाइलीत. पीएचपीमायॲडमिनच्या जागी वापरून बघण्यासारखं.

*हायडीएसक्यूएल* : विंडोजवर चालणारं, फुकट आणि हलकं. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल आणि मशीन जुनं असेल तर आधी हे वापरून बघा.

*कमांड लाइन* : काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. दिसायला रुक्ष, पण सगळ्यात कमी जागा घेते. दोन-चार ठरलेल्या ओळी वहीत लिहून ठेवल्या की रोजचं काम भागतं.

*एसक्यूलाइट* : याची गोष्टच निराळी. इथं आत बसलेला वेगळा सर्व्हर नाही. अख्खा डेटाबेस म्हणजे एकच फाइल. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते तयार केलं आणि आज ते प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. म्हणजे तुमच्या हातातल्या मोबाईलमध्येही डेटाबेस आहेच, तुम्ही तो रोज वापरता. 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' या साध्या खिडकीतून ती फाइल उघडते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एका वेळी एकच जण त्यात लिहू शकते. एक कार्यालय, एक कॉम्प्युटर, एक लेखापाल असेल तर एवढं पुरतं. तीन कॉम्प्युटरवरून तिघींनी एकदम नोंदी करायच्या असतील तर सर्व्हरवालाच डेटाबेस हवा.

चालू असलेला डेटाबेस घाईनं बदलू नका. आधी फक्त खिडकी बदला. त्यातच बराच फरक पडतो, आणि डेटाला हातही लागत नाही.

६. काम करताना लावायच्या सवयी

एका वेळी एकच चूल. डेटाबेसचं काम चालू असताना ब्राउझरच्या दहा टॅब, व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब बंद. प्रत्येक टॅब ओट्यावरची जागा घेते. कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उघडणारे कार्यक्रम टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागातून बंद करता येतात. व्हायरसपासून राखण करणारा कार्यक्रम मात्र बंद करू नका.

पोतं उघडू नका, वाटी मागा. दोन भाकरींसाठी आपण पिठाचं अख्खं पोतं ओट्यावर आणत नाही. तसंच पूर्ण टेबल उघडायचं नाही. मागणी करताना चार शब्द लक्षात ठेवा. 'सिलेक्ट' म्हणजे काय दाखवू. 'फ्रॉम' म्हणजे कोणत्या टेबलातून. 'व्हेअर' म्हणजे कोणत्या अटीवर, उदाहरणार्थ गट क्रमांक २३ आणि महिना जून. 'लिमिट' म्हणजे जास्तीत जास्त किती ओळी. हे शब्द पडद्यावर इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे असतात, इथं उच्चार दिलाय. बरीच साधनं स्वतःहूनच मर्यादा घालतात : वर्कबेंच १,००० ओळींवर थांबतं, पीएचपीमायॲडमिन एका पानावर २५ ओळी दाखवतं. ती मर्यादा काढून 'सगळं दाखव' म्हणू नका.

बेरीज आतल्या माणसाला करू द्या. बऱ्याच ताया सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये आणतात आणि तिथं बेरीज करतात. त्यापेक्षा 'सम' आणि 'ग्रुप बाय' वापरून डेटाबेसलाच सांगा, प्रत्येक गटाची बेरीज करून दे. ३०,००० ओळींऐवजी १०० ओळी हातात येतील. मशीनलाही सोपं, वाचायलाही सोपं.

अनुक्रमणिका ठेवा. जाड पुस्तकात आपण अनुक्रमणिका बघून पान काढतो. डेटाबेसमध्ये तिला 'इंडेक्स' म्हणतात. सदस्य क्रमांक, गट क्रमांक, तारीख ज्या रकान्यांवर आपण रोज शोधतो, त्यांना इंडेक्स हवा. मात्र प्रत्येक रकान्याला लावत सुटू नका, नोंद करताना तेवढंच जादा काम पडतं.

मोठी फाइल खिडकीतून ढकलू नका. जुना बॅकअप पीएचपीमायॲडमिनमधून चढवताना 'फाइल मोठी आहे' असा निरोप येतो. मशीन मोडलंय असं समजू नका. पीएचपीत फाइल चढवण्याची मर्यादा मुळातच २ एमबी ठेवलेली असते, आणि मेमरीची १२८ एमबी. अशी मोठी कामं कमांड लाइननं करावीत. मायएसक्यूएलचं 'डंप' साधन एकेक ओळ वाचून थेट फाइलीत लिहीत जातं, सगळं ओट्यावर मांडत नाही.

सेटिंगशी खेळू नका. मायएसक्यूएलमध्ये 'बफर पूल' नावाची एक जागा असते. डेटा हाताशी ठेवायला सर्व्हर ती वापरतो. ती मुळात १२८ एमबी असते. आपल्या हिशेबाला तेवढी पुरते, हे वरच्या गणितावरून दिसलंच. कोणी व्हिडिओत बघून सांगितलं की ती १ जीबी करा, तर २ जीबीच्या मशीनवर ते करू नका. बाकी सगळ्यांचा ओटा त्यात जाईल.

गोठला तरी तार उपटू नका. यादी मागितल्यावर मशीन थांबलं तर दहा मिनिटं थांबा, तोवर दुसरं काही दाबू नका. नोंद अर्धी झालेली असताना वीज गेली तर चांगला डेटाबेस ती अर्धी नोंद रद्द करतो, पण फाइल खराब व्हायचा धोका उरतोच. भारनियमन असलेल्या गावात यूपीएस हवाच. अचानक बंद पडलंच तर पुन्हा चालू झाल्यावर शेवटच्या पाच नोंदी वहीशी ताडून बघा.

७. खिडकी उघडी आहे, म्हणून जपून

या साधनांतून सगळंच करता येतं, आणि त्यातच धोका आहे. 'डिलीट' लिहिलं आणि 'व्हेअर' लिहायचं राहिलं, तर एका सदस्याऐवजी सगळ्यांच्या नोंदी जातात. 'ड्रॉप' म्हटलं तर टेबलच जातं. साधन "खात्री आहे का?" असं दर वेळी विचारेलच असं नाही. म्हणून नियम करा : काही पुसायच्या आधी त्याच अटीनं 'सिलेक्ट' चालवून कोणत्या ओळी येतात ते बघायचं. बरोबर त्याच आल्या, तरच पुसायचं.

फक्त बघायचं काम असेल तिला 'फक्त वाचा' असा वेगळा लॉगिन द्या. मुख्य पासवर्ड लेखापाल आणि सचिव अशा दोघींकडे असावा. एकाच मुलाच्या डोक्यात पासवर्ड असला आणि तो पुण्याला नोकरीला गेला, तर संघाचा हिशेब त्याच्याबरोबर गेलाच म्हणून समजा.

बॅकअप दर आठवड्याला घ्यावा, दोन पेन ड्राइव्हवर. एक कार्यालयात, एक कोषाध्यक्षांच्या घरी. एसक्यूलाइट असेल तर आधी कार्यक्रम बंद करायचा, मग फाइलची प्रत काढायची. सेव्हन-झिपसारख्या फुकट साधनानं त्या फाइलीला पासवर्ड लावता येतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर बॅकअप टाकू नका. त्यात आपल्या बायांचे आधार क्रमांक आणि खाते क्रमांक असतात. तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडतो का, तेही बघा. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर भरवसा नाही.

आणि वह्या फेकू नका. पंचसूत्रीतली पाचवी गोष्ट नियमित हिशेब लेखन आहे. कॉम्प्युटर त्याला मदत करतो, त्याची जागा घेत नाही.

८. जुना कॉम्प्युटर घेताना आणि देताना

आपल्या बऱ्याच संघांत मुंबईहून आलेले वापरलेले कॉम्प्युटर आहेत. मी बसते त्या अंधेरीत हे नेहमी बघायला मिळतं. अंधेरी पूर्वेला १९७३ साली सीप्झ हे निर्यातीसाठीचं क्षेत्र सुरू झालं, शेजारी एमआयडीसी. तिथल्या कार्यालयांत मशीन ठरावीक वर्षांनी बदलतात आणि जुनी बाहेर पडतात. ती फुकट किंवा स्वस्तात मिळाली तर नाही म्हणू नका, पण डोळे उघडे ठेवून घ्या.

घेताना विचारा : मेमरी किती? मेमरीची पट्टी लावायला आणखी जागा रिकामी आहे का? विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट? ३२-बिट विंडोज साधारण ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरूच शकत नाही, मग ८ जीबी बसवून पैसे वाया. डिस्क फिरणारी आहे की एसएसडी? फिरणारी काढून एसएसडी बसवली तर त्या फेऱ्या खूप लवकर होतात, आणि जुनं मशीन ओळखू येत नाही इतकं सुधारतं.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० चं नेहमीचं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. म्हणजे सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या आता येत नाहीत. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी लागते, शिवाय सुरक्षेची खास चिप लागते, जी बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते. अशा मशीनवर लिनक्स घालता येतं : लुबंटूसारखं हलकं, किंवा सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेनं तयार केलेलं बॉस लिनक्स. दोन्ही फुकट आहेत. पण आपला प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि मराठी टायपिंग त्यावर चालतं का, ते आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. हायडीएसक्यूएल मुळात विंडोजचं, म्हणून तिथं दुसरी हलकी खिडकी निवडा.

आणि आपण जुना कॉम्प्युटर भंगारात किंवा कोणाला देतो तेव्हा? फाइल पुसून रिसायकल बिन रिकामा केला म्हणजे माहिती गेली असं होत नाही, ती परत काढता येते. विंडोजमध्ये 'रीसेट' करताना 'ड्राइव्ह साफ करा' हा पर्याय असतो, वेळ लागला तरी तोच निवडा. ते जमत नसेल तर डिस्क काढून संघाकडेच ठेवा. आपल्या हजार बायांची माहिती त्या डब्यात आहे. २०२३ साली देशात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालाय. कायदा नसता तरी ज्या बाईनं विश्वासानं आपलं पासबुक दिलं, तिच्यासाठी हे करायलाच हवं होतं.

९. प्रस्ताव आला तर काय विचाराल?

"नवीन कॉम्प्युटर घ्यायचाय" असं कोणी म्हटलं की कार्यकारिणीनं हे प्रश्न क्रमानं विचारावेत आणि उत्तरं इतिवृत्तात लिहावीत.

१. आत्ताची मेमरी किती? काम चालू असताना किती टक्के भरते? टास्क मॅनेजर उघडून दाखवा.
२. डेटाबेसची फाइल किती एमबीची आहे?
३. कोणती खिडकी वापरताय? हलकी वापरून बघितली का?
४. मेमरीची पट्टी किंवा एसएसडी बसवायला किती खर्च? दोन दुकानांचे भाव आणलेत का?
५. शेवटचा बॅकअप कधीचा? तो उघडून बघितला का?

पाचही उत्तरं मिळाली आणि तरीही नवीन मशीन लागणार असेल, तर जरूर घ्या. मशीन खरोखर म्हातारं होतंच, आणि तेव्हा संघाच्या कामासाठी खर्च करणं योग्यच आहे. उत्तरं न घेता घेतलं, तर नव्या मशीनवरही तीच जड खिडकी बसेल, त्याच दहा टॅब उघडतील, आणि दोन वर्षांनी हाच प्रस्ताव पुन्हा समोर येईल.

गृहपाठ

पुढच्या मासिक बैठकीआधी प्रत्येक संघानं तीन कामं करावीत. एक, आपल्या संघातल्या गटांची आणि सदस्यांची संख्या घालून चौथ्या भागातलं गणित स्वतः करावं. दोन, डेटा भरणाऱ्या ताईच्या शेजारी बसून कार्यकारिणीतल्या निदान दोघींनी टास्क मॅनेजर बघावा, आणि आकडे वहीत लिहावेत. तीन, एका गटाची एका महिन्याची बचत 'व्हेअर' लावून काढावी आणि वहीशी ताडावी. जुळली नाही तर चूक कुठं आहे ते शोधून, वही आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे दुरुस्त करावी. गणिताचा कागद आणि आकडे घेऊनच बैठकीला या, आपण एकत्र बसून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, अंधेरी कार्यालय